बूस्टरच्या जागेवरून

मी जेवढी वर्षे व्हॉलीबॉल खेळलो, तेवढी सगळी बूस्टर म्हणून खेळलो. आता समालोचनात या खेळाडूला सेटर म्हणतात, पण नागपूरच्या मैदानांवर आमच्या पिढीला बूस्टर हाच शब्द ठाऊक होता. जाळ्याजवळ उभे राहून दुसऱ्यासाठी चेंडू वर उचलून द्यायचा, एवढेच त्याचे काम, असे पाहणाऱ्याला वाटते. बूस्टरला मात्र चेंडू अशा एका रिकाम्या जागी नेऊन ठेवायचा असतो, जिथे त्या क्षणी कोणीही नाही आणि काही क्षणांनी एका विशिष्ट माणसाचा हात पोहोचायचा आहे. तो हात तिथे पोहोचेल या भरवशावर चेंडू बोटांतून सोडायचा. म्हणून स्मॅशरची, म्हणजे तो चेंडू जाळ्यावरून पलीकडे हाणणाऱ्याची, उडी प्रेक्षकांना जशी दिसते तशी ती मला कधी दिसली नाही. प्रेक्षक तडाखा पाहतात, बूस्टर त्याआधीची तीन पावले पाहतो.

भारताचे नावाजलेले स्मॅशर जिमी जॉर्ज यांना मी कधी खेळताना पाहिले नाही. ज्या खेळाडूचा एकही सामना आपण पाहिला नाही त्याच्याविषयी लिहिण्याचा मला काय अधिकार, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. तरीही त्यांची उडी मला एका माणसाच्या हातवाऱ्यांतून इतक्या वेळा दाखवली गेली, की अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीजवळचे आमचे मुरमाचे मैदान आठवले की तिथे चार नंबरच्या, म्हणजे जाळ्याजवळच्या डाव्या कोपऱ्यातल्या, जागेवर ती उडीही आठवते.

हा माणूस म्हणजे फॅक्टरीत फिटर असलेले, कण्णूर जिल्ह्यातले एक गृहस्थ. आम्ही मुले त्यांना चेट्टन म्हणत असू. मल्याळममध्ये मोठ्या भावाला चेट्टन म्हणतात हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळले. पहिली पाळी सुटली की घरी जाऊन चहा पिऊन ते थेट मैदानावर येत. तोवर आमच्यापैकी दोघांनी बादल्यांनी मुरमावर पाणी शिंपडून धूळ बसवलेली असे, चुन्याची फक्की ओढून झालेली असे आणि लोखंडी खांबांना बांधलेले जाळे मधोमध झुकलेले असे. चेट्टन आधी ते जाळे ताणून घेत, मग मोजत. पुरुषांच्या जाळ्याची उंची २ मीटर ४३ सेंटिमीटर. दोन बोटे कमी भरली तरी ते खेळ सुरू होऊ देत नसत. झुकलेल्या जाळ्यावरून मारलेला स्मॅश मुलाला आपल्या उडीविषयी खोटे सांगतो, असे त्यांचे म्हणणे होते.

हेच चेट्टन जिमी जॉर्ज यांच्याच जिल्ह्यातले. ८ मार्च १९५५ रोजी कण्णूर जिल्ह्यातल्या पेरावूर या पश्चिम घाटाच्या पायथ्याच्या गावात जिमी यांचा जन्म झाला. वडील वकील आणि स्वतः विद्यापीठ पातळीवर व्हॉलीबॉल खेळलेले. घरात आठ भाऊ आणि आठही व्हॉलीबॉल खेळणारे. संघाला सहा खेळाडू लागतात. या घरात संघ पूर्ण होऊन वर दोन राखीव उरत होते. जॉर्ज बंधू एकाच घरचा संघ म्हणून मैदानात उतरत, हे चेट्टन सांगू लागले की आमच्यातला प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या घरातली भावंडे मोजत असे. त्याच भावांपैकी रॉबर्ट, म्हणजे बॉबी जॉर्ज, पुढे तिहेरी उडीचे खेळाडू आणि लांब उडीतल्या अंजू बॉबी जॉर्ज यांचे प्रशिक्षक व पती म्हणून देशाला परिचित झाले. २००३ साली पॅरिसच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत अंजू यांनी कांस्यपदक मिळवले, तेव्हा मला पेरावूरच्या त्याच अंगणाची आठवण झाली होती.

चेट्टननी तरुण वयात जिमींना कालिकत विद्यापीठाकडून आणि गावोगावच्या स्पर्धांत खेळताना पाहिले होते. सोळाव्या वर्षी हा मुलगा केरळच्या संघात गेला, एकोणिसाव्या वर्षी १९७४ च्या तेहरानच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळला. चेट्टनना मात्र या टप्प्यांविषयी फारसे बोलायचे नसे, त्यांना ती उडी दाखवायची असे. वय चाळिशीकडे झुकलेले, पायात फॅक्टरीचे जाड बूट, तरी ते चार नंबरच्या कोपऱ्यातून तिरपे निघत. पहिले पाऊल छोटे, जवळजवळ चालल्यासारखे. दुसरे लांब आणि जमिनीला घासून जाणारे. तिसऱ्यात आधी टाच टेकायची, दोन्ही हात मागे खांद्यांच्या उंचीपर्यंत गेलेले असायचे, आणि तिथे ते थांबत. उडी मारण्याचे त्यांचे वय राहिले नव्हते. मग बोट आकाशाकडे करून ते आपल्या नागपुरी झालेल्या हिंदीत सांगत, “पहले बॉल को जाने दो. जिमी कभी पहले नहीं निकला.”

हवेत थांबणारा खेळाडू, अशी जिमींची ख्याती होती. हवेत कोणी थांबत नाही हे शाळेतल्या भौतिकशास्त्राने आम्हाला शिकवले होते, आणि म्हणून एकदा मी वहीत हिशेब मांडून चेट्टनना दाखवायला गेलो. शरीराचा गुरुत्वमध्य एक मीटर वर नेणारी उडी घेतली, तर वर जाऊन खाली येईपर्यंत साधारण ०.९ सेकंद लागतात. कोणी कितीही मोठा असला तरी त्या उंचीच्या उडीत यापेक्षा जास्त वेळ मिळणे शक्य नाही. चेट्टननी वही नीट वाचली आणि विचारले, या ०.९ सेकंदांपैकी वरच्या अर्ध्या भागात किती वेळ जातो? मी पुन्हा हिशेब केला. वरच्या अर्ध्या मीटरमध्ये ०.६४ सेकंद जातो, म्हणजे एकूण वेळाच्या सत्तर टक्क्यांहून थोडा अधिक, कारण शिखराजवळ वेग सर्वांत कमी असतो. थांबल्याचा भास तिथेच निर्माण होतो. तो सगळ्यांनाच मिळतो, पण बहुतेक स्मॅशर घाईने आधीच उडी घेतात आणि चेंडू येईपर्यंत शिखर ओलांडून खाली यायला लागलेले असतात. जो चेंडूला आधी जाऊ देतो, त्याला तो सगळा वरचा वेळ वापरायला मिळतो: समोरचा ब्लॉक, म्हणजे जाळ्यावर अडवायला उंचावलेले हात, खाली उतरताना पाहायला, मैदानातली मोकळी जागा निवडायला, मनगट वळवायला. जिमींकडे असामान्य उंचीची उडी होतीच. पण त्यांची खरी संपत्ती तो धीर होता, असे मला त्या वहीमुळे पटले आणि आजही तसेच वाटते.

आमच्या संघातही एक विलक्षण उडीचा स्मॅशर होता. त्याचे नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्याला चार नंबर म्हणत असू, त्याच्या घरच्यांच्याही तोंडी तेच नाव बसले होते. त्याच्या पायांत जे होते ते मी नंतर विदर्भात दुसऱ्या कोणात पाहिले नाही. त्याचा दोष एकच होता, तो लवकर निघायचा. मी चेंडू उचलायच्या आधीच त्याचे दुसरे पाऊल पडलेले असे आणि मग मला बूस्ट खुजा करून त्याच्या हाताखाली सरकवावा लागे. सामने आम्ही जिंकत होतो, म्हणून कोणाला त्याचे काही वाटत नव्हते. चेट्टनना वाटत होते.

जिमी जॉर्ज यांच्या कारकिर्दीतला जो निर्णय मला सर्वांत अधिक विचार करायला लावतो, तो १९७६ सालचा आहे. ते वैद्यकीय शिक्षण घेत होते. एकवीस वर्षांचा मुलगा डॉक्टर होण्याच्या वाटेवर असताना ती वाट सोडतो आणि व्हॉलीबॉल खेळता यावा म्हणून केरळ पोलिसांत भरती होतो, हे कोणत्याही मध्यमवर्गीय घराला, मग ते कण्णूरचे असो की नागपूरचे, सहज मानवणारे नाही. माझ्या घरात हे घडले असते तर माझ्या वडिलांनी काय म्हटले असते ते मला नेमके माहीत आहे. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणारे ते सर्वांत तरुण व्हॉलीबॉलपटू ठरले. आपल्या देशात त्या काळी व्हॉलीबॉल खेळून घर चालवण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे पोलीस, रेल्वे, सैन्यदल किंवा एखाद्या सरकारी कारखान्याच्या संघात नोकरी. पगार नोकरीचा आणि खेळ हे त्या नोकरीचे कारण. ही व्यवस्था मी कमी लेखत नाही. हजारो खेड्यांतली मुले या व्यवस्थेमुळेच खेळली आणि त्यांच्या घरची चूल पेटली. पण या व्यवस्थेत खेळाडूची नोकरी साठ वर्षांपर्यंत चालते आणि खेळ कधी संपला हे बहुधा नोकरी देणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

आमच्या चार नंबरला अशीच नोकरी मिळाली. खेळाडूंच्या राखीव जागेतून, वयाच्या बाविसाव्या वर्षी. आम्ही इतवारीतून पेढे आणले होते. पहिल्या वर्षी त्याला स्पर्धेसाठी रजा मिळाली, दुसऱ्या वर्षी मिळता मिळता राहिली, तिसऱ्या वर्षी त्याची बदली अशा ठिकाणी झाली जिथे मैदान होते, पण जाळे नव्हते आणि संध्याकाळी मैदानावर यायला सहा माणसेही नव्हती. त्याने अर्ज केले. उत्तरे आली नाहीत, किंवा आली ती नियमाचा आकडा घेऊन आली. ज्या खेळासाठी त्याला घेतले तोच खेळ त्याच्या सेवापुस्तकात अडचण ठरत गेला. सव्विसाव्या वर्षी त्याचा खेळ थांबला. तो वाईट खेळू लागला नव्हता, त्याला चेंडू उचलून द्यायला कोणी उरले नव्हते. मी इकडे नागपूरला होतो आणि माझ्यासमोर चार नंबरच्या जागेवर दुसराच मुलगा उभा होता.

म्हणूनच जिमींचे १९७९ नंतरचे आयुष्य मी वेगळ्या नजरेने वाचतो. ते अबुधाबीच्या क्लबकडून तीन वर्षे खेळले आणि १९८२ साली इटलीत, त्रेव्हिसोच्या क्लबकडे गेले. युरोपातल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळायला गेलेला पहिला भारतीय व्हॉलीबॉलपटू म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. आज आपल्याला परदेशी क्लब, करार, हंगाम हे शब्द सवयीचे झाले आहेत. १९८२ साली पेरावूरचा मुलगा इटलीत केवळ व्हॉलीबॉल खेळण्याचे पैसे घेतो, ही गोष्ट आमच्या मैदानावर चेट्टननी सांगितली तेव्हा एका मुलाने विचारले होते, “आणि दिवसभर काय काम करतात?” चेट्टन म्हणाले, “यही काम.”

बूस्टर म्हणून मला त्या स्थलांतराचा अर्थ असा लागतो. स्मॅशरची उंची शेवटी त्याला मिळणाऱ्या बूस्टवर ठरते. ज्याचा हात सर्वांच्या वर जातो त्याला तितक्याच उंच, तितक्याच नेमक्या चेंडूची गरज असते आणि समोर असा ब्लॉक लागतो की ज्याच्यावरून मारताना प्रत्येक वेळी काही नवे शोधावे लागेल. इटलीची लीग तेव्हा जगातल्या उत्तम लीगपैकी एक होत चालली होती. त्याच मातीतून पुढे इटलीचा पुरुष संघ १९९०, १९९४ आणि १९९८ असा सलग तीन वेळा जगज्जेता झाला. पैसा हे कारण असणारच आणि असायलाही हवे. पण जिथे चेंडू अधिक उंच जातो तिथे आपण जावे, ही ओढ मला त्या निर्णयात दिसते. शिवाय ते निघाले ते अगदी वेळेवर निघाले: देशातले जे मिळवायचे ते मिळवून, चोविसाव्या वर्षी अबुधाबीला आणि सत्ताविसाव्या वर्षी, पाय अजून भरात असताना, इटलीला. केरळ पोलिसांशी असलेले त्यांचे नाते मात्र शेवटपर्यंत टिकले. तिथल्या ज्या कोणा अधिकाऱ्याने त्यांच्या रजेच्या कागदावर सही केली असेल, त्या अनामिक माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्या काळचा व्हॉलीबॉल आजच्यापेक्षा सोसायला कठीण होता, हेही नव्या वाचकांना सांगितले पाहिजे. आज प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू पडेपर्यंतच्या प्रत्येक झुंजीला, गुण मिळतो आणि सेट २५ गुणांचा असतो. तेव्हा सेट १५ गुणांचा असे, पण गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघालाच मिळे. समोरच्याच्या सर्व्हिसवर तुम्ही कितीही सुंदर स्मॅश मारला तरी हाती येई ती केवळ सर्व्हिस, फलक जागचा हलत नसे. दहा-दहा मिनिटे ८-८ वर अडकलेले सेट मी खेळलो आहे. आता फक्त मागच्या ओळीत बचाव करणारा लिबेरो असतो, तो १९९८ साली आला. तोवर मागच्या ओळीत गेलेल्या प्रत्येक स्मॅशरला स्वतः खाली वाकून सर्व्हिस उचलावी लागे आणि पुढच्या क्षणी पुन्हा उडीला निघावे लागे. एका सामन्यात शेकडो उड्या आणि त्यांतल्या बहुतेक फलकावर काहीच न उमटवणाऱ्या. चार नंबरचे गुडघे आज सांगतात की त्या मुरमावर आम्ही त्याच्याकडून किती उड्या मारून घेतल्या.

१९८६ साली सोलच्या आशियाई स्पर्धेसाठी जिमी भारताच्या संघात होते. १९७८ च्या बँकॉकनंतर ही त्यांची तिसरी आशियाई स्पर्धा. भारताने तिथे जपानला हरवून कांस्यपदक मिळवले. ज्या जपानच्या पुरुष संघाने १९७२ साली म्युनिकमध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकले होते, ज्यांनी वेगवान आखूड बूस्टचा खेळ जगाला शिकवला, त्या जपानला. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. त्या स्पर्धेत पी. टी. उषा यांनी चार सुवर्णपदके मिळवली होती आणि नागपूरची सगळी वर्तमानपत्रे त्यांनी भरून गेली होती, जे अगदी योग्यच होते. व्हॉलीबॉलची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली. चेट्टननी ती कात्रीने कापली, वसाहतीतल्या दुकानातून खळ आणली आणि जाळ्याच्या खांबाला चिकटवली. पावसाळा संपत आला होता, तरी आणखी एक सर आली आणि कागद गेला; खांबावरचा खळीचा डाग पुढे बरेच दिवस होता. १९५८ च्या टोकियोतले कांस्य, १९६२ च्या जकार्तातले रौप्य आणि हे सोलचे कांस्य, एवढीच आशियाई स्पर्धांतली भारतीय पुरुष व्हॉलीबॉलची पदके आहेत. हांगझोऊच्या स्पर्धेपर्यंत त्यांत भर पडलेली नाही.

पुढच्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १९८७ रोजी, इटलीत मोटार अपघातात जिमी जॉर्ज यांचे निधन झाले. ते बत्तीस वर्षांचे होते आणि अजून खेळत होते.

ती बातमी आम्हाला कळली ती सकाळ थंडीची होती. अंबाझरी तलावाच्या बाजूने धुके यायचे आणि चेंडू दवाने जड व्हायचा, कारण तेव्हाचे चेंडू कातड्याचे असत आणि पाणी धरत. चेट्टन सकाळी कधी येत नसत, त्या दिवशी आले. त्यांनी आम्हाला काही सांगितले नाही. कोणीतरी आधीच वर्तमानपत्र वाचले होते. चेट्टन एवढेच म्हणाले, चालू ठेवा, आणि जाळ्याच्या बाजूला उभे राहून उंची मोजू लागले. मग मला म्हणाले, चारला उंच टाक, जितका उंच जाईल तितका. मी टाकत राहिलो. चार नंबर तेव्हा अजून नागपुरातच होता, नोकरी लागायला दीड वर्ष होते. त्या दिवशी तो एकदाही लवकर निघाला नाही. जड, ओल्या चेंडूवर त्याचा तळवा बसल्याचा आवाज कितीतरी वेळ होत राहिला आणि आमच्यापैकी कोणी “शाबास” म्हटले नाही.

दहा वर्षांपूर्वी मी केरळ एक्स्प्रेसने तिरुवनंतपुरमला गेलो होतो. नागपूरहून दीड दिवसाचा प्रवास. लग्नकार्य होते, पण मी एक दुपार वेगळी ठेवली होती आणि वेल्लयंबलम भागातल्या जिमी जॉर्ज इनडोअर स्टेडियमला गेलो. आत काही मुलांचा सराव चालू होता. लाकडी जमीन, पांढरा उजेड, जाळे दोरीसारखे ताठ. मी बराच वेळ त्या जमिनीकडे पाहत राहिलो, कारण मी आणि माझे मित्र ज्या जमिनीवर उतरलो ती अशी कधी नव्हती. इटलीतही ब्रेशा प्रांतात मॉन्टिकियारी येथे त्यांच्या नावाचे क्रीडागृह आहे. परदेशात आपल्या खेळाडूचे नाव एखाद्या इमारतीवर कोरले जाणे किती दुर्मीळ आहे, हे वेगळे सांगायला नको. मला त्याहून विशेष वाटते ते हे, की तिथल्या लोकांनी हे नाव भाषा, देश, धर्म यांच्या पलीकडे जाऊन आपल्या गावचा खेळाडू म्हणून ठेवले.

चेट्टन निवृत्तीनंतर कण्णूरला परतले. काही वर्षे पत्रे आली, मग फोन, मग त्यांच्या मुलाचा एक फोन.

गेल्या वर्षी चार नंबर निवृत्त होऊन नागपूरला परत आला. डिसेंबरमधल्या एका सकाळी मी त्याला मैदानावर नेले. आता तिथे सिमेंटची कड आहे, दिवे आहेत, आणि मुलींचा एक चांगला संघ सराव करतो. त्यांचा सराव आटोपल्यावर आम्ही जाळे मागून घेतले. जाळे महिलांच्या उंचीला, २ मीटर २४ ला होते; चार नंबर म्हणाला, वर घे. मी खांबाचे हँडल फिरवून ते २ मीटर ४३ वर नेले आणि दोन्ही बाजूंनी मोजले. मग जाळ्याजवळ मधोमध, तीन नंबरवर, उभा राहिलो, एका मुलीने मला पास दिला आणि मी चेंडू उंच टाकला, पूर्वी टाकत असे तितका.

तो त्याच्या कोपऱ्यातून निघाला. पहिले पाऊल छोटे, दुसरे लांब, तिसऱ्यात टाच टेकली. जमिनीपासून तो जेमतेम वीतभर उठला असेल. पण मनगट अजून तसेच वळले, आणि चेंडू जाळ्याच्या वरच्या पट्टीला घासून पलीकडे पडला.

“उशीर झाला काय बे?” गुडघ्यावर हात ठेवून त्याने विचारले.

“थोडा,” मी म्हणालो, आणि त्या मुलीला दुसरा चेंडू द्यायची खूण केली.